टेक्सासमधला गिऱ्हाइकांविरुद्धचा कायदा: गुन्हा कधी पूर्ण होतो आणि बचाव कशाच्या आधारे उभा राहतो?

कोरडवाहू
आमच्या भागात, म्हणजे डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत, स्थानिक वाहिन्यांवर अधूनमधून एक ठरावीक बातमी येते. पोलिसांनी हॉटेलात सापळा लावला, शरीरसंबंधासाठी पैसे देऊ पाहणाऱ्या पुरुषांना अटक केली आणि खाली सगळ्यांची छायाचित्रे नावांसह झळकली. त्यात भारतीय आडनाव दिसले की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन दिवस दुसरा विषय नसतो. मात्र या चर्चेत हमखास येणारे एक वाक्य मला अस्वस्थ करते: "त्यात काय एवढे, दंड भरेल आणि सुटेल."

हे वाक्य टेक्सासमध्ये आता खरे राहिलेले नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून येथे पैसे देऊन शरीरसंबंध मागणे हा पहिल्याच वेळी फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा ठरतो. शिक्षा १८० दिवस ते दोन वर्षे स्टेट जेल आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड. अमेरिकेत पहिल्या गुन्ह्यालाच फेलनी ठरवणारे टेक्सास हे पहिले राज्य. विक्री करणाऱ्या व्यक्तीचा पहिला गुन्हा मात्र मिस्डिमीनर, म्हणजे सौम्य गुन्हाच राहिला आहे.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हा गुन्हा नेमका कोणत्या क्षणी पूर्ण होतो? आणि न्यायालयात खरोखर टिकणारे बचाव कोणते? माझे स्वतःचे मत असे, की दोन सज्ञान व्यक्तींमधील राजीखुशीच्या व्यवहाराला फेलनी ठरवणे अतिरेकी आहे. पण ते मत मान्य नसणाऱ्यांचेही ऐकायचे आहे. "असे करावेच कशाला" हा प्रतिसाद कृपया एकदाच आणि कोणीतरी एकानेच द्यावा.

वेताळटेकडी
असे करावेच कशाला?

(कोटा पूर्ण झाला. पुढच्यांनी मुद्द्याचे बोलावे.)

सनदशीर
मी टेक्सासमध्येच फौजदारी वकिलांच्या कार्यालयात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची कायदेविषयक मदतनीस आहे. खालील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावा. प्रत्यक्ष प्रकरण असेल तर वकील गाठावा.

कायद्याची भाषा अशी आहे, की मोबदला देऊन लैंगिक कृत्य करण्याच्या हेतूने जो जाणूनबुजून तो मोबदला देऊ करतो किंवा द्यायला कबूल होतो, तो गुन्हेगार. यात "देऊ करतो" आणि "कबूल होतो" ही दोन क्रियापदे सर्वांत महत्त्वाची आहेत. पैसे हातातून सुटण्याची गरज नाही, खोलीत पाऊल टाकण्याची गरज नाही, समोर खरी विक्रेती असण्याचीही गरज नाही. मोबदला रोख रकमेतच हवा असेही नाही; वस्तू, सेवा किंवा कोणताही लाभ चालतो. त्यामुळे "मी तर पैसे दिलेच नाहीत" हे अटक झालेल्या जवळजवळ प्रत्येकाचे पहिले वाक्य कायद्याच्या दृष्टीने बचाव नसतेच, आणि ते पोलिसांसमोर उच्चारले की वाटाघाटी झाल्याची कबुली मात्र ठरते.

दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास शिक्षा दोन ते दहा वर्षे. समोरची व्यक्ती १८ वर्षांखालील असेल, तशी असल्याचे सांगितले गेले असेल किंवा आरोपीची तशी समजूत असेल, तर दोन ते वीस वर्षे. तेथे "मला तिचे वय ठाऊक नव्हते" ही सबब चालत नाही. संवादात कोणी सतरा वर्षांची असल्याचे सांगूनही जो पुढे जातो, त्याच्याविषयी मला सहानुभूती नाही, आणि ज्यूरीलाही नसते.

मुळामुठा
म्हणूनच जाणकार लोक लास व्हेगासला जातात. तेथे सगळे कायदेशीर आहे.

निवडुंग
मुळामुठा, हा सल्ला कृपया कोणालाही देऊ नका. नेवाडात परवानाधारक कुंटणखाने चालतात हे खरे आहे, परंतु सात लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागात, असा परवाना देता येत नाही, आणि लास व्हेगास ज्या क्लार्क काउंटीत आहे तिची लोकसंख्या त्याच्या कितीतरी पुढे आहे. रीनो शहरातही परवानगी नाही. व्हेगासच्या "स्ट्रिप" या मुख्य रस्त्यावर हातात पत्रके कोंबणारी माणसे उभी असतात म्हणून तो व्यवहार कायदेशीर होत नाही. परवाना नसलेल्या ठिकाणचे गिऱ्हाईक नेवाडातही गुन्हेगारच असते.

आमच्या कार्यालयातील एका सद्गृहस्थांना हे एका परिषदेच्या वेळी कळले. ते परतले तेव्हा परिषदेविषयी त्यांना कोणी काही विचारले नाही.

मुळामुठा
विनोद होता हो. तरी आभार, मलाही ही काउंटीची भानगड ठाऊक नव्हती.

त्रिज्या
पोलीसच स्त्री बनून संदेश पाठवतात, पोलीसच दर सांगतात, पोलीसच खोली घेतात. मग याला सापळ्यात अडकवणे का म्हणू नये? चित्रपटांत तर "एन्ट्रॅपमेंट" म्हटले की खटला निकाली निघतो.

शिवाय माझ्या माहितीप्रमाणे "तू पोलीस आहेस का" असे थेट विचारले तर त्यांना खरे सांगावे लागते.

सनदशीर
दुसरा समज आधी निकाली काढते. असा कोणताही नियम नाही. वेषांतर केलेल्या पोलिसाला खोटे बोलण्याची पूर्ण मुभा आहे. उलट हा प्रश्न संदेशात लिहिलेला सापडला तर सरकारी वकील तो ज्यूरीला मोठ्याने वाचून दाखवतात, कारण आपण करतो आहोत ते बेकायदा असल्याचे आरोपीला ठाऊक होते, हे त्यातूनच सिद्ध होते.

आता एन्ट्रॅपमेंट. पोलिसांनी मन वळवून किंवा अन्य मार्गाने आरोपीला गुन्ह्यास प्रवृत्त केले, आणि ते मार्ग सर्वसामान्य माणसालाही गुन्ह्याकडे ओढतील असे होते, तर टेक्सासमध्ये हा बचाव मिळतो. परंतु त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की केवळ संधी उपलब्ध करून देणे म्हणजे प्रवृत्त करणे नव्हे. जाहिरात टाकणे ही संधी झाली. जाहिरातीला आपणहून उत्तर देणारा माणूस "मला ओढले" असे म्हणू लागला की त्याचा फोनच त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. शिवाय या बचावात "कृत्य केले, पण करायला लावले" अशी भूमिका असते. "मी केलेच नाही" आणि "मला करायला लावले" ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून चालत नाहीत. माणसाने अनेकदा नकार दिला, विषय बदलला, आणि तरीही समोरून अडचणीच्या, आजारपणाच्या कहाण्या सांगून गळ घातली गेली, अशा नोंदी असतील तर गोष्ट वेगळी. तशी प्रकरणे मी पाहिली आहेत, पण ती थोडी.

कॅलिफोर्नियात १९७९ पासून कसोटी निराळी आहे. तेथे आरोपीची वृत्ती कशी होती हे न पाहता, पोलिसांचे वर्तन कायदा पाळणाऱ्या सामान्य माणसाला गुन्ह्याकडे ढकलेल असे होते का, एवढेच पाहतात. म्हणून एका राज्यातला निकाल वाचून दुसऱ्या राज्यात धीर धरू नये.

दुभाषी
मी न्यायालयांत हिंदी, मराठी आणि गुजरातीसाठी दुभाषाचे काम करतो. प्रकरणांचे तपशील सांगता येणार नाहीत, पण पद्धत सांगतो.

अशा प्रकरणात पुरावा म्हणून बहुधा छापील संदेशांचा गठ्ठा असतो. त्यातील भाषा कोणीही सरळ लिहीत नाही. डॉलरऐवजी गुलाब, तासाऐवजी अक्षरे आणि बाकी सगळे इमोजी. आरोपीला वाटत असते, की इतक्या आडवळणाने लिहिले म्हणजे सुटका आहे. मग सापळा लावणारी व्यक्ती एखादी साधी गोष्ट विचारते, उदाहरणार्थ "येताना काय आणशील", आणि त्याचे उत्तर लिहून येते. पुढे अटकेच्या वेळी तीच वस्तू खिशात सापडते. न्यायाधीश चष्मा कपाळावर सरकवून इमोजींचा अर्थ विचारतात, तपास अधिकारी गंभीर चेहऱ्याने तो सांगतात आणि मला तो तितक्याच गंभीरपणे मराठीत सांगावा लागतो. या कामाचे प्रशिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते.

पण मला खरे सांगायचे आहे ते गुन्हा कबूल करण्याच्या सुनावणीविषयी. टेक्सासच्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार न्यायाधीशांना आरोपीस बजावावे लागते, की तो अमेरिकेचा नागरिक नसेल तर या कबुलीमुळे हद्दपारी, प्रवेशबंदी किंवा नागरिकत्व नाकारले जाणे असे परिणाम होऊ शकतात. हा मजकूर छापील असतो आणि परिच्छेदापरिच्छेदापुढे आरोपीने आद्याक्षरे करायची असतात. माणूस रात्रभर झोपलेला नसतो, बायकोला काय सांगायचे याची जुळवाजुळव डोक्यात चालू असते, आणि पेन एकसारखे खाली उतरत जाते. हद्दपारीचा परिच्छेद मी मुद्दाम सावकाश वाचतो. वाचनाच्या वेगापलीकडे माझ्या हातात काही नसते, कारण दुभाषाने सल्ला द्यायचा नसतो. बहुतेक जण तेथे थांबत नाहीत.

कोरडवाहू
दुभाषी, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे खरा प्रश्न तुरुंगाचा नसून व्हिसाचा आहे, असे म्हणावे का?

आगाशिव
त्याआधी थोडे थांबावे. इथपर्यंतचा सगळा धागा अटक झालेल्या पुरुषाच्या काळजीने भरलेला आहे. मी ह्यूस्टनमध्ये मानवी तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांच्या निवाऱ्यात स्वयंसेविका आहे. हॉटेलाच्या त्या खोलीत पोलीस नसते तर कोण असते, याचाही विचार करावा. ज्यांची कागदपत्रे दुसऱ्याच्या कुलपात आहेत आणि ज्यांच्या कमाईतला डॉलरही त्यांच्या हाती पडत नाही, अशा स्त्रियांना मी भेटले आहे. गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसते, कारण त्याला ते ठाऊक करून घ्यायचे नसते. "राजीखुशीचा व्यवहार" हे शब्द पैसे देणारा वापरतो. दुसऱ्या बाजूची राजी तो कशावरून ठरवतो?

स्वीडनने १९९९ मध्ये विकणाऱ्या व्यक्तीला गुन्ह्यातून वगळले आणि विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवले. नॉर्वे, आइसलँड, फ्रान्स आणि आयर्लंड हे देश पुढे त्याच वाटेने गेले. अमेरिकेत मेन राज्याने २०२३ मध्ये विक्रीचा गुन्हा काढून टाकला आणि खरेदीचा ठेवला. टेक्सासने अर्धेच काम केले आहे, कारण तेथे स्त्रीवरचा गुन्हा तसाच आहे. पण जे अर्धे केले ते मला योग्य वाटते.

निवडुंग
आगाशिव, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, तरीही असहमत आहे. मी मूळची सांगलीची. तेथे वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, या नावाने धंद्यातल्या बायकांची स्वतःची संघटना नव्वदच्या दशकापासून उभी आहे, आणि गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवण्यास त्यांचा विरोध आहे. त्यांचे म्हणणे व्यवहारी आहे. गिऱ्हाईक घाबरले की ते नाव सांगत नाही, उजेडात बोलत नाही, घाईघाईने सौदा उरकते, आणि निरोधाबद्दल बोलायला वेळ राहत नाही. त्याची पारख करायला बाईला पाच मिनिटे मिळत होती, ती एकावर येतात. तस्करी हा वेगळा आणि भयंकर गुन्हा आहे, त्याला कठोर शिक्षा हवी. परंतु दोन्ही एकाच पोत्यात भरले की खऱ्या तस्कराचा शोध मागे पडतो आणि पोलिसांचा आकडा मात्र भरतो.

आगाशिव
सांगलीतल्या बायकांपाशी संघटना आहे, गल्ली आहे, शेजारीण आहे. महामार्गालगतच्या मोटेलमधल्या मुलीपाशी यातले काही नाही. तुमचा युक्तिवाद तिला जसाच्या तसा लागू होत नाही. सौद्याच्या घाईचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. आमच्याकडच्या काही जणीही तेच सांगतात.

वेताळटेकडी
आपल्याकडच्या आणि इथल्या पोलिसी पद्धतीतला एक फरक मजेदार आहे. महाराष्ट्रातल्या बातमीत पोलीस "बनावट ग्राहक पाठवून खात्री करतात", लॉजवर छापा पडतो, दलालावर पीटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल होतो आणि बायकांची "सुटका" होते. खरे गिऱ्हाईक त्या बातमीत कोठेच नसते. टेक्सासमध्ये पोलीस बनावट विक्रेती होतात आणि बातमीत फक्त गिऱ्हाईक असते.

सनदशीर
वेताळटेकडी यांचे निरीक्षण नेमके आहे. पीटा या १९५६ च्या भारतीय कायद्यात केवळ गिऱ्हाईक आहे म्हणून शिक्षा करणारे सरळ कलम नाही. सार्वजनिक जागेपासून २०० मीटरच्या आत किंवा अधिसूचित क्षेत्रात व्यवहार झाला, तर मात्र सातव्या कलमाखाली दोघेही येतात. २००६ च्या दुरुस्ती विधेयकात तस्करीग्रस्त व्यक्तीकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला शिक्षा सुचवली होती. ते विधेयक संमत झाले नाही. या पार्श्वभूमीवरून येथे आलेल्या माणसाला हा किरकोळ मामला वाटतो आणि तेथेच त्याचा घात होतो.

अनवट
कोरडवाहू यांनी विचारलेल्या व्हिसाच्या प्रश्नावर लिहितो. इमिग्रेशनच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम करतो आहे.

पहिली गोष्ट. इमिग्रेशन अपील मंडळाने २००८ मध्ये असे ठरवले, की एखाद्या पुरुषाने स्वतःसाठी एकदाच केलेली मागणी ही "वेश्याव्यवसाय आणि व्यापारी अनैतिकता" या प्रवेशबंदीच्या कलमात येत नाही. ही बातमी चांगली, पण ती अर्धीच आहे. दुसरे कलम आहे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांचे. नवव्या सर्किट न्यायालयाने, म्हणजे कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या संघीय अपील न्यायालयाने, २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रकरणात अशी मागणी हा त्या वर्गातला गुन्हा मानला. त्या वर्गात बसले की पुढचा प्रश्न येतो तो राज्याने ठरवलेल्या कमाल शिक्षेचा. प्रत्यक्षात किती मिळाली हा प्रश्न नंतरचा.

येथेच टेक्सास वेगळे पडते. कॅलिफोर्नियात या गुन्ह्याची कमाल शिक्षा सहा महिने आहे, न्यू यॉर्कमध्ये सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत ती ३६४ दिवस आहे. पहिलाच गुन्हा असेल, कमाल शिक्षा एका वर्षाच्या पुढे नसेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त नसेल, तर प्रवेशबंदीला "छोट्या गुन्ह्याचा" अपवाद मिळू शकतो. टेक्सासमध्ये कमाल शिक्षा दोन वर्षे असल्याने ते दार बंद होते. शिवाय अमेरिकेत प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत केलेला आणि एक वर्ष किंवा अधिक शिक्षा होऊ शकेल असा या वर्गातला एकच गुन्हाही हद्दपारीचे कारण होऊ शकतो. तेच संदेश, तोच दर, तोच माणूस. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत असता तर बहुधा ग्रीन कार्डाच्या रांगेत टिकून राहिला असता.

दुसरी गोष्ट याहून घातक आहे. टेक्सासमध्ये "डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन" नावाचा तह फार लोकप्रिय आहे. आरोपी गुन्हा कबूल करतो, न्यायाधीश दोषसिद्धी पुढे ढकलतात, ठरावीक काळ देखरेख चालते आणि ती नीट पार पडली की खटला निकालात निघतो. राज्याच्या दृष्टीने दोषसिद्धी झालीच नाही. संघराज्याच्या इमिग्रेशन कायद्याच्या दृष्टीने मात्र कबुली अधिक न्यायाधीशांनी घातलेले कोणतेही बंधन म्हणजे दोषसिद्धी, आणि ती पुढे पुसली जात नाही. फौजदारी वकील अभिमानाने सांगतो, "रेकॉर्ड स्वच्छ राहील", आणि ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत तेच रेकॉर्ड टेबलावर येते. २०१० च्या पडिला विरुद्ध केंटकी निकालापासून हद्दपारीच्या धोक्याची कल्पना अशिलाला देणे हे फौजदारी वकिलाचे घटनात्मक कर्तव्य आहे, तरीही हे अजून घडते.

त्रिज्या
मग करायचे काय? सगळीच दारे बंद दिसतात.

सनदशीर
बंद नाहीत. प्रतिष्ठेच्या भीतीने माणूस लवकर मिटवायला धावतो, तेच बहुधा महागात पडते. सरकार पक्षाला हेतू, आणि मोबदला देऊ करणे किंवा द्यायला कबूल होणे, हे दोन्ही निःसंशय सिद्ध करावे लागते. संदेशात दर आहे पण कृत्याचा उल्लेख नाही, किंवा कृत्य आहे पण दर नाही. ध्वनिफीत अस्पष्ट आहे. फोन कोणाच्या हाती होता हे ठरत नाही. वॉरंटशिवाय फोन उघडला, जे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर चालत नाही. अशा ठिकाणी प्रकरण ढिले पडते. म्हणून अटकेनंतर वकील मागणे, गप्प राहणे आणि फोन उघडून द्यायला संमती न देणे यांचे मोल सर्वाधिक आहे.

फ्लोरिडातले प्रकरण आठवा. न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांच्यावर २०१९ मध्ये एका स्पामधून असे आरोप झाले होते. पोलिसांनी बॉम्बची खोटी बतावणी करून स्पा रिकामा केला आणि आत छुपे कॅमेरे बसवले. निर्दोष गिऱ्हाइकांचे चित्रण टाळण्याची पुरेशी काळजी घेतली नाही म्हणून न्यायालयाने ते चित्रण पुराव्यातून वगळले, २०२० मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला आणि सरकारला आरोप मागे घ्यावे लागले. खटल्याची सुनावणी झालीच नाही.

मुळामुठा
त्यासाठी आधी फुटबॉलचा संघ विकत घ्यावा लागतो.

सनदशीर
मुळामुठा, पैशांचा मुद्दा खरा आहे, पण पुरावा वगळण्याचा अर्ज सरकारी खर्चाने नेमलेला वकीलही करतो. त्या स्पामधल्या अन्य गिऱ्हाइकांनाही त्याच त्रुटीचा फायदा मिळाला.

कोरडवाहू
सर्वांचे आभार. आगाशिव यांचा "राजी कशावरून ठरवतो" हा प्रश्न माझ्यापाशी उत्तराविना आहे, तरी पहिल्याच वेळी फेलनी हे मला अजूनही जास्तच वाटते. एक शेवटची शंका: समजा गुन्हा कबूल न करता खटला मागे घेतला गेला आणि राज्याच्या कायद्याने अटकेची नोंदही पुसून घेतली. मग मुंबईच्या वकिलातीत व्हिसाच्या स्टॅम्पिंगला गेल्यावर अर्जात काय लिहायचे?

अनवट
खरे ते लिहायचे. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात "कधी अटक झाली होती का" असेही विचारतात, आणि माफी मिळाली असली तरी सांगा असे त्याच वाक्यात म्हटलेले असते. राज्याने नोंद पुसली तरी बोटांचे ठसे केंद्रीय यंत्रणेत गेलेले असतात. आरोप मागे घेतल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत नोंद पुसण्याचा अर्ज करण्याआधीच काढून ठेवावी, कारण नंतर न्यायालयाकडूनही ती मिळणे अवघड होते. केवळ अटकेवरूनही परराष्ट्र खाते पासपोर्टातला व्हिसा रद्द करू शकते. अशा वेळी येथील वास्तव्य लगेच बेकायदा होत नाही, पण देशाबाहेर पाऊल टाकले की नव्या व्हिसाशिवाय परतता येत नाही. म्हणून खटला चालू असताना लग्नासाठी, गणपतीसाठी किंवा कोणाच्या आजारपणासाठी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला विचारावे. प्री-ट्रायल डायव्हर्जनचा, म्हणजे ठरावीक अटी पाळल्यास खटला न चालवता आरोप मागे घेण्याचा प्रस्ताव आला तरी तेच करावे, कारण काही काउंटींत त्या करारासोबत लेखी कबुलीजबाबही घेतात.

दुभाषी
आणि तो कबुलीजबाब इंग्रजीत असतो. दुभाषी मागण्याचा हक्क आहे, तो मागावा; वाचायला वेळ हवा असेल तर तोही मागावा. न्यायाधीश बहुधा नाही म्हणत नाहीत.